उन्हाकडची बाजू

रेघबाई हे तिचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नको. कुठलेही आईबाप शुद्धीवर असताना पोरीचं नाव रेघबाई ठेवणार नाहीत. स्टुडिओत तिला ते पडलं तिच्या हातामुळे. कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत ती पट्टी न लावता सरळ रेघ ओढायची, आणि ओढताना अखंड बोलतही असायची. सासूबाईंच्या कानावर हे नाव गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, "एवढा सरळ हात आहे, मग चादरीच्या घड्या घालताना तो जातो कुठे?" चादरींच्या बाबतीत ती खरोखरच दिव्य होती.

स्टुडिओ म्हणजे टायरच्या दुकानावरच्या तीन खोल्या आणि एक लांब बोळ. खिडकी उघडली की रबराचा वास यायचा, बंद केली की रंगांचा, तेव्हा ज्याला जो मानवेल तो त्याने घ्यावा. टेबलांच्या मधोमध काच बसवलेली, काचेखाली दिवा. त्यावर कागद ठेवायचा, कागदावर कागद ठेवायचा, खालचं चित्र वर उमटतं, त्याच्या केसभर पुढचं चित्र काढायचं. मग तेच पुन्हा. अशी शेकडो चित्रं झाली की पडद्यावर एक माणूस रस्ता ओलांडतो. लोक म्हणतात, काय मजेचं काम आहे. रेघबाई म्हणायची, या, एक दिवस बसा.

यंदाचं काम मात्र मजेचं नव्हतं. पन्नास वर्षांपूर्वी याच शहरात एक माणूस बंदूक घेऊन मैदानापलीकडच्या पाण्याच्या टाकीवर चढला होता. दुपारची वेळ. खाली रस्त्यावरून जो दिसेल त्याच्यावर त्याने गोळ्या झाडल्या. चौदा माणसं गेली. त्यांचं त्याच्याशी काही वैर नव्हतं, ओळखही नव्हती. त्या दुपारचं चित्रीकरण कुणाकडेच नव्हतं, म्हणून माहितीपट चित्रांतून करायचा, असं दिग्दर्शकाने ठरवलं. दिग्दर्शक उंच, मान पुढे काढून चालणारा, म्हणून सगळे त्याला जिराफ म्हणत. तोही हाकेला ओ देई. स्वभावाने बरा होता, फक्त त्याला रोज सकाळी एक नवीन कल्पना सुचे आणि तिच्यापायी बाकीच्यांच्या नाकी नऊ येत.

त्याची पहिली कल्पना चांगली होती. बंदूकवाला दाखवायचा नाही. टाकी दिसेल, माणूस नाही. दुसरी कल्पना महाग होती. रस्ता आणि माणसं एकाच कागदावर, जलरंगात, सगळं हाताने. आजकाल माणसं वेगळी आणि रस्ता वेगळा काढून वर जोडतात, म्हणजे एक बिघडलं तर दुसरं वाचतं. जिराफ म्हणाला, "नको. तो रस्ता आणि ती माणसं एकमेकांपासून सुटी होऊच शकत नाहीत." ऐकायला छान वाटलं. रंगवणारी रेघबाई होती, त्यामुळे त्याला म्हणायला काय जात होतं.

सगळ्या फिल्मचा जीव एका बाईच्या आवाजात होता. या डॉक्टरबाई. दातांच्या डॉक्टर, आता निवृत्त. त्या दुपारी त्या सात वर्षांच्या होत्या आणि त्यांचा हात त्यांच्या सतरा वर्षांच्या ताईच्या हातात होता. ताई गेली, त्या राहिल्या. पन्नास वर्षं त्या याबद्दल कुणाशी बोलल्या नव्हत्या, वर्तमानपत्रवाल्यांना तर त्यांनी दारही उघडलं नव्हतं. त्यांना बोलतं केलं ते आवाज ध्वनिमुद्रित करणाऱ्या कानसेनने. तो त्यांचा जुना रोगी. त्यांच्या खुर्चीत तोंड आ करून तो इतकी वर्षं बसला होता की आता तुम्ही बोला, मी ऐकतो, असं म्हणायचा हक्क त्याला मिळाला असावा. त्यांनी एकच अट घातली. आपला भाग जगाने बघायच्या आधी आपण बघणार. आणि आपण नको म्हटलं, तर तो फिल्ममध्ये जाणार नाही.

त्या फार थोडं बोलल्या होत्या. रेघबाईला ते ऐकून ऐकून पाठ झालं होतं. "आम्ही चप्पल आणायला निघालो होतो. दुरुस्तीला टाकली होती. ताईने माझा हात धरला होता. मी तिच्या सावलीत चालत होते. मग हात सुटला." एवढंच. पुढे थोडा वेळ नुसता श्वास ऐकू येतो, आणि कानसेनने तो कापला नव्हता.

तो रस्ता चालण्यासाठी रेघबाईने घरचीच माणसं धरून आणली. नणंदेची मुलगी सतरा वर्षांची, आणि स्वतःची आठ वर्षांची. दोघींना हात धरून बोळातून चालायला लावलं आणि जिराफने समोरून त्याचं चित्रीकरण केलं. मोठी उन्हाच्या बाजूला, धाकटी तिच्या आत, अगदी डॉक्टरबाईंनी सांगितलं तसं. धाकटीला चालताना मधेच एक उडी मारायची खोड होती. रेघबाईने ती उडी तशीच ठेवली. मग महिनाभर ती काचेवर त्या दोघींना काढत होती. शिसपेनने, समोरून, चेहऱ्यांसकट.

तेवढ्यात गेलेल्यांपैकी एकाचा भाऊ स्टुडिओत येऊन काही चित्रं बघून गेला. बिचारा काही चिडला नाही. फक्त म्हणाला, "चांगलं काढलंय हो. पण हा माझा भाऊ नाही." त्या रात्री जिराफला झोप लागली नसावी, कारण सकाळी तो नवीन कल्पना घेऊन हजर. जे गेले त्यांचे चेहरे काढायचे नाहीत. ते पाठमोरे दिसतील. जे राहिले, त्यांना चेहरा. रेघबाईला कल्पना पटली, आणि पटली म्हणून जास्तच राग आला. महिनाभराचं काम पाण्यात गेलं होतं.

पण ती काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. तिच्या धंद्यातली एक गोष्ट बाहेरच्याला सहसा माहीत नसते. माणूस समोरून बघा किंवा मागून बघा, त्याची बाहेरची रेघ एकच असते. डोळे-नाक पुसा, वेण्या काढा, झाला पाठमोरा. तिने तेच केलं. चित्रांच्या बाहेरच्या रेघा ठेवल्या, आतले चेहरे खोडरबराने घालवले आणि चार वेण्या घातल्या. मोठीच्या दोन लांब, धाकटीच्या दोन आखूड. मग त्याच कागदांवर रस्ता मागून काढला, डावीकडे गोदामाची भिंत, उजवीकडे मोकळं मैदान, मैदानापलीकडे टाकी. आणि रंगवायला बसली. रंगवण्यात दोन महिने गेले. आपल्या शक्कलीवर ती इतकी खूश होती की घरी जेवताना तिने ती सासूबाईंनाही समजावून सांगितली. सासूबाई म्हणाल्या, "अतिशहाणा त्याचा बैल रिकामा." त्या वेळी रेघबाई हसली होती.

सावल्या ती सगळ्यात शेवटी घालायची. रंग पुरता वाळला की पातळ निळ्याचा एकच हात. ऊन मैदानाच्या बाजूचं, म्हणजे सावली भिंतीकडे पडणार. डॉक्टरबाई बघायला येणार त्याच्या आदल्या दुपारी तिने पहिला कागद घेतला, कानात डॉक्टरबाईंचा आवाज लावला, आणि मोठीची सावली घातली. सावली गेली सरळ भिंतीवर. धाकटीवर तिचा टिपूससुद्धा नाही. धाकटी लख्ख उन्हात, मैदानाच्या बाजूला. कानात आवाज म्हणत होता, मी तिच्या सावलीत चालत होते.

रेघबाईने कुंचला पाण्यात ठेवला. बाहेरची रेघ एकच असते हे खरं, पण समोरचा माणूस पाठमोरा करायचा तर कागद आधी पालथा घालावा लागतो. नाहीतर डावीकडचा डावीकडेच राहतो आणि रस्ता मात्र फिरतो. हे तिला ठाऊक होतं. शिकाऊ पोरांना ती हेच शिकवायची. खोडरबर हातात घेण्याआधी कागद पालथा घालायचा, एवढंच ती विसरली होती, आणि मग तीच चूक प्रत्येक कागदावर नीट रंगवत गेली होती. ताई भिंतीकडे. सात वर्षांची पोर बंदुकीकडे.

तिने जिराफला बोलावून दाखवलं. तो मान लांब करून बराच वेळ बघत राहिला.

"आता सुटं करता येत नाही?" त्याने विचारलं.

"कशातून सुटं करू? रस्ता आणि माणसं एकमेकांपासून सुटी होऊ शकत नाहीत म्हणे. कोण म्हणालं होतं बरं?"

"टोमणे नंतर मार. किती लागतील?"

"दोन महिने. नवे कागद घेऊन पहिल्यापासून."

फिल्म पुढच्या महिन्यात द्यायची होती. जिराफ खुर्चीत बसला आणि त्याचे गुडघे टेबलाला लागले. "हे बघ," तो म्हणाला, "दोघी पाठमोऱ्या आहेत. डावी-उजवी कोण बघतंय? सावली थोडी पुसट कर."

"त्या बघतील."

"त्या तेव्हा सात वर्षांच्या होत्या, रेघबाई."

"म्हणूनच," ती म्हणाली.

शेवटी असं ठरलं की उद्या त्यांना आधी बघू द्यायचं, मग चूक सांगायची, आणि पुढचं त्यांच्यावर सोडायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं जिराफचं मत होतं. रेघबाईचं मत वेगळं होतं, पण चूक तिची होती, आणि चुकणाऱ्याचा आवाज आपोआप लहान होतो. घरी गेल्यावर तिने मुलीला जवळ घेऊन बसवलं. मुलगी म्हणाली, "आई, तू मला घट्ट धरतेयस." आणि सुटून खेळायला गेली.

डॉक्टरबाई सकाळी आल्या. ठेंगण्या, नीटनेटक्या, केस आखूड कापलेले, आणि नजर समोरच्याच्या तोंडात. जिराफने स्वागताला हसून दाखवलं तर त्या म्हणाल्या, "खालची दाढ उजवीकडची. दुर्लक्ष करू नका." जिराफ मिटून गेला. कानसेन मागे उभा राहून गालातल्या गालात हसत होता, तोंड न उघडता.

पडदे ओढले. डॉक्टरबाई पुढच्या खुर्चीत, पर्स मांडीवर. रेघबाई त्यांच्या बाजूला, थोडी मागे. आवाज सुरू झाला, पडद्यावर रस्ता आला, आणि दोघी बहिणी हात धरून चालू लागल्या. मोठीच्या वेण्या पाठीवर हलत होत्या. धाकटीने मधेच उडी मारली. मग हात सुटला, असं आवाज म्हणाला, आणि पडदा पांढरा झाला. गोळी दाखवायची नाही असंही ठरलंच होतं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "पुन्हा लावा."

पुन्हा लावलं. या खेपेला त्या पुढे वाकून बघत होत्या. तिसऱ्यांदा लावायला सांगितलं तेव्हा रेघबाईला राहवलं नाही.

"डॉक्टरबाई, चूक झालीय. माझ्याकडून. तुमच्या ताई मैदानाच्या बाजूला हव्या होत्या आणि तुम्ही आत. मी कागद पालथा घालायला विसरले. मी सगळं नव्याने काढून देते."

"मला दिसलं ते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पहिल्याच वेळी दिसलं."

"मला माफ करा."

"माफ कशाबद्दल?" त्यांनी पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळला. "मी पुन्हा का लावायला सांगितलं, ठाऊक आहे? ताई सावलीकडे चालतेय. मी तिला तिकडे कधी पाहिलंच नव्हतं." मग त्या सरळ जिराफकडे वळल्या. "हे असंच राहू द्या."

जिराफचा जीव भांड्यात पडला, आणि तो पडलेला सगळ्यांना ऐकू आला. सुंठीवाचून खोकला गेला होता. "तुमची इच्छा असेल तर प्रश्नच नाही," तो घाईने म्हणाला. "शेवटी हा तुमचाच—"

"पण हा माहितीपट आहे," रेघबाई म्हणाली.

जिराफने तिच्याकडे अशी नजर टाकली की समजणाऱ्याने समजावं. रेघबाईला समजलं, आणि तिने ऐकलं नाही. "लोक हे खरं म्हणून बघतील, डॉक्टरबाई."

"बघू देत. लोकांना काय फरक पडतो कोण कुठे होतं त्याचा?" डॉक्टरबाईंचा आवाज चढला नव्हता. दाताला सुई देण्याआधी रोग्याशी बोलावं तसं त्या बोलत होत्या. "त्या दिवशी घरातून निघालो तेव्हा मी मैदानाच्याच बाजूला होते. मी म्हटलं, ताई, ऊन लागतंय. ती म्हणाली, ये, इकडे ये, माझ्या सावलीत. आणि ती बाहेरच्या बाजूला गेली. हे मी त्या ध्वनिमुद्रणात सांगितलेलं नाही. आईलाही कधी सांगितलं नाही. आई मला एका शब्दाने बोलली नाही हो, कधीच नाही. पण जेवायला वाढताना तिचा हात आधी ताईच्या जागेकडे जायचा, मग माझ्याकडे यायचा. शेवटपर्यंत तसाच. पन्नास वर्षं खरं काय ते मी एकटीने सांभाळलंय. आता एकदा चुकीचं असू दे की. कुणाचं काय जातंय?"

कानसेन जमिनीकडे बघत होता.

"ही माझी अट समजा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "असं राहिलं तर माझा होकार. बदललंत तर माझा आवाज परत द्या."

जिराफ होकार द्यायला तोंड उघडत होता. आवाज गेला तर फिल्म गेली, हे रेघबाईलाही कळत होतं. दोन वर्षांचं काम, सगळ्यांचं. आणि तिची चूक आता चूक राहिली नव्हती, तिचं दान झालं होतं. गप्प बसली असती तर दुधात साखर. पण तिच्या डोक्यात दुसरंच चक्र फिरत होतं, आणि ते थांबवणं तिच्या हातात नव्हतं. ती इतकी वर्षं एकच काम करत आली होती, एका चित्रातून पुढचं चित्र काढायचं.

"मग पुढचं चित्र बदलावं लागेल," ती म्हणाली.

"कुठलं पुढचं?"

"पांढऱ्यानंतरचं. आत्ता ठरल्याप्रमाणे तिथे तुम्ही आहात. सात वर्षांच्या. एकट्या उभ्या, चेहरा दिसतो. पण गोळी मैदानाकडून आली, आणि आता मैदानाच्या बाजूला तुम्ही आहात. उन्हाकडच्या बाजूला जी आहे ती जाणार, डॉक्टरबाई. मग मागे उरणार ती ताई. ते काढायला हवं. नाहीतर दोन चित्रं एकमेकांना लागणार नाहीत."

डॉक्टरबाईंनी तिच्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "काढ. त्यासाठीच म्हणतेय मी. काढ."

रेघबाई त्यांना शेजारच्या खोलीत आपल्या टेबलाशी घेऊन गेली. जिराफ मागे येत होता, कानसेनने त्याला बाहीला धरून थांबवलं. रेघबाईने काचेखालचा दिवा लावला, रस्त्याचं शेवटचं चित्र खाली ठेवलं, वर कोरा कागद ठेवला आणि शिसपेन घेतली. डॉक्टरबाई स्टुलावर बसल्या, टेबलाच्या इतक्या जवळ की त्यांचा श्वास कागदावर येत होता.

पहिल्या कागदावर दोघी होत्या. दुसऱ्यावर फक्त मोठी. खालच्या कागदावरची धाकटी वरच्या कागदावर उतरवायची नाही, एवढंच करायचं होतं, पण रेघबाईला ते जड गेलं. ती उडी, ते गुडघे तिच्या पोटच्या पोरीचे होते. तिचा हात थांबला, तिने तो झटकला आणि पुढे काढत राहिली. मोठीचा हात अजून हवेत होता, बोटं वळलेली, मधे काही नाही. तिसऱ्या कागदावर मोठीने मान खाली घातली आणि आपल्या हाताकडे बघितलं. वेण्या पुढे आल्या. चौथ्यावर ती वाकली.

"पुढे?" डॉक्टरबाई म्हणाल्या.

"पुढे काय करेल ती?"

"घरी जाईल. सांगायला जावंच लागेल ना कुणालातरी."

"घर मागे आहे," रेघबाई म्हणाली. "म्हणजे ती वळणार. आपल्याकडे येणार." तिने पाचवा कागद ठेवला. खांदे काढले, वळलेली मान काढली, चेहऱ्याचा गोल काढला आणि शिसपेन उचलली. "आता ही राहिलेली आहे. राहिलेल्यांना चेहरा द्यायचा असतो आमच्याकडे. सांगा, कसा काढू?"

डॉक्टरबाई त्या रिकाम्या गोलाकडे बघत राहिल्या. खालच्या दुकानात कुणीतरी टायर घरंगळत नेत होतं. रेघबाईला वाटलं, त्या ताईचं नाक, ताईच्या भुवया सांगतील. सतरा वर्षांच्या मुलीचा चेहरा त्यांना आठवत असणार.

"तो चेहरा मला ठाऊक आहे," डॉक्टरबाई अखेर म्हणाल्या. "हसण्याखालीही तो असतोच. लग्नाच्या फोटोत आहे. मुलगा झाला तेव्हाच्या फोटोत आहे. रोज सकाळी दात घासताना आरशात समोर असतो." त्यांनी हात पुढे केला आणि गोलावर, जिथे तोंड यायचं तिथे, बोट टेकवलं. "ही घरी जाईल, आई दार उघडेल, आणि आई विचारेल, धाकटी कुठे आहे? आणि मग ही म्हातारी होईस्तोवर रोज..."

रेघबाईचा हात आपसूक त्यांच्या पाठीवर गेला. डॉक्टरबाई रडत होत्या. पन्नास वर्षांत या बाई कुणासमोर रडल्या असतील असं रेघबाईला वाटेना, आणि तिलाही रडू आलं. दोघींनी ते लपवलं नाही.

काही वेळाने डॉक्टरबाईंनी पर्समधून रुमाल काढला, डोळे पुसले, नाक पुसलं आणि पाचही कागद एकावर एक ठेवले, कडा जुळवून.

"तिला नको हे," त्या म्हणाल्या. "मला इतकी वर्षं वाटायचं, माझी जागा तिला देता आली असती तर. देऊन टाकली असती मी, डोळे झाकून. ही जागा म्हणजे काय, हे कधी मनातच आलं नाही. तिने मला सावलीत घेतलं आणि मी तिला हे देऊ?" त्यांनी कागद रेघबाईकडे सरकवले. "हे फाड. तिला परत उन्हाकडे ने."

"नक्की?"

"किती दिवस लागतील?"

"दोन महिने."

"मग त्या जिराफाला सांग, डॉक्टरबाई थांबायला सांगतायत. आवाज माझा आहे, दोन महिने उशिराही लागेल."

रेघबाईने रस्त्याचं पहिलं चित्र समोर घेतलं, नवा कोरा कागद काढला, आणि या खेपेला उजवीकडून सुरुवात केली. आधी मोठीचा खांदा, मग तिची बाही, मग खाली येणारा हात. डॉक्टरबाई उठल्या नाहीत. हात कुठवर आला हे त्या बघत होत्या.

"इथे," त्या म्हणाल्या आणि कागदावर, ताईच्या हाताच्या टोकाशी, भिंतीच्या बाजूला, बोट ठेवलं. "मला इथे काढ. ती नको मागे राहायला. मी राहते. मला आता सवय आहे."